पाच हजार वर्षांच्या जिनाचा आवाज कसा काढायचा

पहिल्या रात्री मी तळटीपा गाळल्या. म्हटलं, मोठ्यानं वाचताना मध्येच पानाच्या तळाशी कुठे उतरायचं, पोराची तंद्री मोडेल. तिसऱ्या पानाला भाचा उठून बसला. "आत्या, खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय? तू ते वाचतच नाहीयेस." तिथेच पकडली गेले.

म्हणून आधी हेच सांगते. जोनाथन स्ट्राउडचं 'द ॲम्युलेट ऑफ समरकंद' (२००३) मुलांना वाचून दाखवणार असाल, तर एखादं लांबलेलं वर्णन गाळलंत तरी चालेल, तळटीप गाळू नका. बार्टिमियस नावाचा जिन अर्धी गोष्ट स्वतः सांगतो. वरच्या मजकुरात तो नॅथॅनियल या अकरा-बारा वर्षांच्या शिकाऊ जादूगाराचा गुलाम आहे, सांगितलेलं काम मुकाट्यानं करतो. (मुकाट्यानं म्हणजे त्याच्या मानानं.) तळटीपांत मात्र त्याला हुकूम द्यायला कोणी येत नाही. तिथे तो बढाया मारतो, जादूगारांची टिंगल करतो, हजार वर्षांपूर्वीची उणीदुणी काढतो.

माझी पद्धत आता ठरली आहे. त्या रात्रीची दोन प्रकरणं दुपारी चाळते आणि तळटीपांवर पेन्सिलीनं खूण करते. विनोदाची असेल तर वाक्य संपल्या संपल्या लगेच घेते, कारण तो शिळा झाला की गेला. माहितीची असेल तर परिच्छेद संपेपर्यंत थांबवते. वाचताना पुस्तक खाली घेते, पोराच्या कानाशी वाकते आणि आवाज उतरवून, चहाडी सांगावी तसं सांगते. दोन दिवसांत त्याला सवय झाली; मी वाकले की तो आधीच हसायला लागतो. नॅथॅनियलची प्रकरणं तृतीयपुरुषी आहेत, त्यांत तळटीपा नाहीत. तिथे सरळ, जरा कोरडं वाचा. फरक मुलांना आपोआप कळतो.

आता आवाज. जिन म्हणजे घोगरा, गडगडाटी, असं मी धरलं आणि दोन रात्रींत घसा बसवून घेतला. सुरुवातीला खोली गार पडते, पडद्यांवर बर्फ धरतो, तेवढं थाटात वाचा. उरुक, कर्नाक आणि प्राग या जुन्या शहरांच्या भिंती आपण पुन्हा बांधल्या, सॉलोमन राजाशी आपण बोललो, ही त्याची बिरुदावली छाती फुगवून म्हणा. बाकी वेळ हा प्राणी म्हणजे पन्नास साहेब पाहिलेला जुना कारकून आहे. कामात पक्का, तोंडानं तिखट, आणि मनातून घरी कधी जायला मिळतं याची वाट बघणारा. तो आवाज कोणालाही जमतो.

मी इंग्रजी पान समोर धरून मराठीत वाचते, त्यामुळे शब्द आधी ठरवून ठेवावे लागले. ॲम्युलेटला ताईत. जिनाला बोलावताना जादूगार जमिनीवर जे आखतात त्या पेंटॅकलला पंचकोन वगैरे करत बसू नका. 'रिंगण' म्हणा, लगेच कळतं. जिन, इम्प, आफ्रित, मारिद ही भुताखेतांच्या जातींची नावं आहेत तशीच ठेवा. एक जागा मात्र सांभाळायची. जादूगार या सगळ्यांना 'डीमन' म्हणतात आणि बार्टिमियसला ती शिवी वाटते. म्हणून जादूगारांच्या तोंडी 'सैतान', त्याच्या स्वतःच्या तोंडी 'जिन'. हे शेवटपर्यंत पाळलंत तर कोण कोणाकडे कसं बघतं ते वेगळं समजवावं लागत नाही.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याला निवड करावी लागते, आणि इथे मराठीचा फायदाच आहे. नॅथॅनियल जिनाला 'तू' म्हणतो, त्याचे जादूगार गुरू अंडरवूड यांना 'तुम्ही'. जिन त्याला 'तू'च म्हणतो, पण खवचटपणा करायचा असला की माझ्याकडे तो 'हुजूर, आपण' वर येतो. एका प्रसंगात गुरूंची बायको अंडरवूडबाई नॅथॅनियलला त्याच्या जन्मनावानं हाक मारतात आणि ती जिनाच्या कानावर पडते. या जगात जादूगाराचं जन्मनाव कळणं म्हणजे त्याची शेंडी हातात येणं. ती हाक मी अगदी साध्या, प्रेमळ आवाजात मारली आणि गप्प राहिले. भाच्यानं हळूच तोंडावर हात ठेवला. मग नॅथॅनियल जिनाला तंबाखूच्या डबीत कायमचं कोंडायची धमकी देऊन बांधून ठेवतो. तिथून पुढे माझा 'हुजूर' दात आवळून येऊ लागला.

"मग तो पळून का जात नाही?" हा प्रश्न येणारच. तेव्हा पुस्तक मिटा आणि दोरीची दोन रिंगणं जमिनीवर मांडा. एकात मूल, एकात तुम्ही. जादूगाराचं रिंगण शाबूत आहे तोवर जिन त्याला हात लावू शकत नाही. रेघ पुसली, मंत्राचा एखादा शब्द चुकला, की खेळ खलास. आमच्याकडे हे करताना सात वर्षांची भाची एकदम म्हणाली, "म्हणजे जादूगारांना स्वतःला जादू येतच नाही?" अगदी बरोबर. गोष्टीतल्या लंडनवर राज्य करणाऱ्या या जादूगार मंडळींची सगळी ताकद बांधून आणलेल्या गुलामांची. हे मी सांगितलं असतं तर तिला आयुष्यभर लक्षात राहिलं नसतं. तुम्हीही आधी सांगू नका.

अंडरवूडांच्या घरावर संकट येतं तो भाग स्वतः आधी वाचून घ्या, आणि झोपायच्या वेळी नको, दिवसा वाचा. लहान मूल असेल तर विशेष. नॅथॅनियल शहाणा गुणी नायक आहे असं आवाजातून भासवू नका. तो हुशार आहे, दुखावलेला आहे आणि पुष्कळदा वाईट वागतो.

पुढचे दोन भाग २००४ आणि २००५ चे, तेही क्रमानंच घ्या. सॉलोमनच्या काळातला चौथा २०१० साली आला. गोष्ट आधीची असली तरी वाचायचा शेवटी. आम्ही आता दुसऱ्यावर आहोत. त्यात किटी नावाच्या मुलीची स्वतंत्र प्रकरणं आहेत, आणि तिचा आवाज मला अजून सापडलेला नाही. सध्या भाचीच वाचते तिची वाक्यं.