मणक्याच्या गादीच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

कमरेच्या मणक्यांमधली सरकलेली गादी मायक्रोडिस्केक्टमीने, म्हणजे लहान छेदातून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या शस्त्रक्रियेने, किंवा दुर्बिणीतून काढली, की बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात आणि लवकरच घरी सोडतात. मायक्रोडिस्केक्टमीचा छेद साधारण दोन-तीन सेंटिमीटरचा असतो, दुर्बिणीचा त्याहूनही लहान, आणि महिनोन्‌महिने कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जाणारी सायटिकाची कळ अनेकदा शुद्धीवर येताच थांबलेली असते. घात होतो तो इथेच. कळ गेली म्हणजे गादी बरी झाली, असे घरात सगळ्यांनाच वाटू लागते. प्रत्यक्षात सर्जनने नसेवर दाब देणारा तुकडा तेवढा काढलेला असतो. तो ज्या भेगेतून बाहेर आला, ती गादीच्या बाहेरच्या कड्यातील भेग बहुधा तशीच असते आणि भरून यायला तिला काही आठवडे लागतात. शंभरातील साधारण पाच ते दहा रुग्णांची गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येते. पुढचे नियम त्या न दिसणाऱ्या भेगेसाठी आहेत. ते किती दिवस पाळायचे याबाबत सर्जनांमध्ये मतभेद आहेत, त्यामुळे आपल्या सर्जनने डिस्चार्जच्या कागदावर जे लिहून दिले असेल तेच प्रमाण मानावे.

सर्वांत आधी अंथरुणातून उठणे शिकावे, कारण दिवसातून दहा वेळा ते करावे लागते. उताणे असताना सरळ उठून बसू नये. दोन्ही गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकाच वेळी, लाकडी ओंडका वळावा तसे वळवून कुशीवर यावे, पलंगाच्या कडेपाशी सरकावे, पाय खाली सोडावेत आणि त्याच वेळी वरच्या हाताचा तळवा व खालचे कोपर पलंगावर रेटून धड उचलावे. बसल्यावर लगेच उभे राहू नये. चक्कर येत नाही ना, हे पाहण्यासाठी मिनिटभर थांबावे. झोपताना हीच कृती उलट क्रमाने करावी. पलंग गुडघ्याइतका उंच असावा. जमिनीवरचे अंथरूण या दिवसांत नको.

चालणे हेच या काळातले खरे औषध आहे. सुरुवातीला घरातल्या घरात पाच-दहा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, आणि मग सपाट रस्त्यावर रोज थोडे वाढवत जावे. बसणे मात्र एका वेळी वीस ते तीस मिनिटांपुरतेच ठेवावे. स्वीडनमधील अस्थिशल्यतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा बसल्यावर आणि त्याहून जास्त पुढे वाकून बसल्यावर तो वाढलेला दिसला. ताठ बसण्याबाबत नंतरची काही मोजमापे वेगळी निघाली, पण वाकून वजन उचलताना दाब फार वाढतो हे त्यांतही दिसले. म्हणून वाकणे, उचलणे आणि कमरेत पिळणे ही तीन बंधने बसण्याच्या बंधनापेक्षा अधिक कसोशीने पाळावीत.

आपल्या घरांत ही बंधने मोडतात ती न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात. माझ्या थोरल्या बहिणीला बाराव्या दिवशी इतके बरे वाटत होते, की मोरीतली ओल्या कपड्यांची बादली तिने सवयीने उचलली. त्या रात्री पायातली कळ परतली आणि पुन्हा एमआरआय करावा लागला. गादी सरकलेली नव्हती, पण पंधरा दिवस मागे गेले. तेव्हापासून मी सर्वांना सांगते, की वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो, आणि पहिल्या आठवड्यांत मर्यादा असते ती जेमतेम दोन-तीन किलोंची. आंघोळीची बादली स्टुलावर ठेवावी, म्हणजे मगसाठी वाकावे लागत नाही. शौचाला कमोडच वापरावा. ओट्याशी उभे राहताना एक पाय लहान पाटावर ठेवून आलटून-पालटून बदलावा. केर, लादी आणि खालच्या फळीवरचे डबे दुसऱ्यांकडे सोपवावेत, आणि लहान मूल कडेवर यायला हट्ट करत असेल तर आपण सोफ्यावर बसून त्याला शेजारी चढू द्यावे.

वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः ट्रामाडॉलने, बद्धकोष्ठ होतो, आणि कुंथण्याचा ताण थेट कमरेवर येतो. म्हणून पाणी, पालेभाज्या आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू करावे. जखम कोरडी ठेवावी. तंबाखू आणि सिगारेट बंद करावी, कारण निकोटिनमुळे रक्तपुरवठा कमी होऊन जखम भरायला उशीर होतो. मधुमेह असल्यास साखर नियमित तपासावी.

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत गेली, तर रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे, कारण अशा वेळी काही तासांनीही फरक पडतो. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उभे राहताच वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी, एकाच पोटरीला सूज व दुखरेपणा किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

बैठे काम बहुधा दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते. शेतीचे, हमालीचे किंवा बांधकामाचे काम करणाऱ्यांना मात्र सहा ते बारा आठवडे थांबावे लागते. घरची परिस्थिती असे थांबू देत नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच तसे सर्जनला सांगावे. दुचाकीवर मागे बसणेसुद्धा खड्डे आणि गतिरोधकांमुळे सोपे नसते, तेव्हा परवानगी मिळेपर्यंत तो मोह टाळावा. फिजिओथेरपिस्ट पोट आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम टप्प्याटप्प्याने शिकवतात. पुढे वाकण्याची आसने आणि सूर्यनमस्कार त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. कळ आधी जाते, ताकद त्यानंतर येते आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. पावलाची कड किंवा अंगठा कित्येक महिने सुन्न राहू शकतो, आणि तो भाग वाढत नसेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मात्र तोवर अनवाणी चालू नये आणि गरम पाण्यात पाय घालण्यापूर्वी हाताने अंदाज घ्यावा.