दारू सोडताना फोन कसा वापरावा

रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा, फोन त्यानंतर. मी एकदा परस्पर बंद केली. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरले की चहा बशीतच सांडला, आणि रात्री फिट आली. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. कुठे जावं सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन लावा, ती मोफत आहे.

औषधं सुरू झाली की ऑनलाइन मीटिंग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांची, एकमेकांना आधार देणारी संघटना. तिचं काम १९३५ साली सुरू झालं; तिथे फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. झूमवर मात्र पूर्ण नाव आपोआप दिसू शकतं, ते आत जाण्याआधी बदला. सुरुवातीला कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐका.

मीटिंग तलफेच्या वेळेची निवडा. माझी पावलं साडेसातला गुत्त्याकडे वळायची, म्हणून साडेसातचीच धरली. इअरफोन लावून गच्चीवर टाकीला टेकून बसायचो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “मी खिशातले पैसे बायकोकडे देऊन बसलोय.” मीही खाली जाऊन पाकीट हिच्या हातात दिलं.

दिवस मोजणारं ॲप ठेवा, पण घसरलात की ते शून्य दाखवतं. त्या रात्री माणूसच लागतो. म्हणून मीटिंगमधल्या जुन्या, सावरलेल्या एकाचा नंबर पहिल्याच आठवड्यात मागून घ्या आणि बरं वाटत असतानाही त्याला रोज फोन करा.

घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. आमची ही अजून जाते.