कांट घेऊन अब्जाधीशांवर बोलताय? या चुका टाळा

वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलं की अतिश्रीमंतीचा विषय ठरलेला, दाखल्याला अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट ठरलेला, आणि चुकाही ठरलेल्या.

सगळ्यांची लाडकी चूक: ‘सगळेच अब्जाधीश होऊ शकत नाहीत, म्हणून कांटच्या मते अब्जाधीश असणं अनैतिक.’ एकदा एका मुलाने हे टेबलावर हात आपटून सांगितलं, टाळ्याही घेतल्या. समोरची मुलगी उठली: ‘सगळेच दंतवैद्यही होऊ शकत नाहीत. मग दात कोणी काढायचे?’ उरलेला वेळ पठ्ठ्या मोबाईलवर उत्तर शोधत होता. कांट कसोटीला लावतो ते कृतीमागचं सूत्र, बँकेतली रक्कम नव्हे. मी आधी सूत्र एका ओळीत लिहून काढते: ‘भांडवल मिळावं म्हणून मी खोटी आश्वासनं देईन.’ आता सगळ्यांनी तसंच केलं तर? आश्वासनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, म्हणजे लबाडीही चालणार नाही. ही एक ओळ जमत नसेल तर भाषणाला हात घालू नका.

‘माणसाला साधन म्हणून वापरणं वाईट.’ अर्धवट. रिक्षावाल्याला आपण रोज वापरतो. त्याला निव्वळ साधन समजलं की बिघडतं.

‘कांट मालमत्तेच्या विरोधात होता.’ अजिबात नाही. मात्र गरिबांच्या पोटासाठी श्रीमंतांवर कर लावायचा अधिकार त्याने शासनाला दिला.

आणि माझं डोकं फिरवणारं वाक्य: ‘पण ते दान किती करतात!’ अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी घ्या. १८८९ मध्ये त्याने लिहिलं, श्रीमंतांनी जिवंतपणीच संपत्ती लोकहिताला लावावी. १८९२ मध्ये त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीकपातीवरून तंटा पेटला. व्यवस्थापक फ्रिकने पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीची सुमारे ३०० हत्यारबंद माणसं नदीतून आणवली, गोळीबारात दोन्हीकडची माणसं मेली. मग राज्याच्या गव्हर्नरने सुमारे ८,५०० सैनिक पाठवले आणि कामगार संघटना मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. १८९८ मध्ये त्याच गावाला त्याचं वाचनालय मिळालं.

कांटने १७९७ मध्येच विचारून ठेवलंय: शासनाच्या अन्यायामुळे काहींचं फावतं आणि त्यामुळेच इतरांवर मदत मागायची वेळ येते, तर श्रीमंताच्या त्या मदतीला परोपकार म्हणायचं का? दानाची पावती दाखवण्याआधी कुणाचं देणं थकलंय ते बघा.

‘मग कांट किती टक्के द्या म्हणतो?’ आकडा नाही. मदत करणं कर्तव्य; किती आणि कुणाला, हे ज्याने त्याने ठरवायचं.