पायवाट दर पावसात वाहून जाते? दुरुस्ती करताना या चुका टाळा

एका उतारावर वाटेच्या मधोमध गुडघाभर खोल ओघळ पडला होता. आम्ही आठ जणांनी दोन दिवस घमेली वाहिली, ओघळ मातीने भरला, माती चोपून बसवली. वाट नव्यासारखी दिसायला लागली. पहिला जोरदार पाऊस झाल्यावर जाऊन पाहिलं तर ओघळ होता तसाच, आणि आमची माती शंभर पावलं खाली एका वळणावर पंख्यासारखी पसरलेली.

पुढच्या वेळी मुद्दाम भर पावसात गेलो. ओघळाजवळ न थांबता पाण्याच्या उलट दिशेने वर चढत राहिलो. साधारण चाळीस पावलांवर उत्तर सापडलं. वरच्या बाजूने येणारी पाण्याची एक बारीक धार वाटेवर उतरत होती आणि वाटेच्या बाहेरच्या कडेला साचलेल्या मातीमुळे पलीकडे न जाता वाटेनेच खाली धावत होती. ती कड तिथे हातभर कापली असती तरी पुरलं असतं. आम्ही दोन दिवस भलत्याच जागी राबलो होतो.

लांब पल्ल्याच्या पायवाटांवर ही चूक फार महाग पडते. बागेतल्या वाटेवर रोज कोणीतरी असतं, चर तुंबला तर संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. शेकडो किलोमीटरच्या वाटेवर एखाद्या टप्प्यावर दुरुस्तीची माणसं वर्षातून एकदा, फार तर दोनदा पोहोचतात. म्हणून इथे एकच कसोटी लावायची: आपण केलेलं काम, कोणी हात न लावता, एक अख्खा पावसाळा काढेल का?

जखम भरायची आणि पाणी तसंच सोडायचं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात. धूप दिसते खाली, पण तिचं कारण असतं वर. पाणी वाटेवर जितकं लांब धावतं तितकं ते वाढतं आणि वेग घेतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की तो ढकलू शकेल अशा दगडाचं वजन हिशेबाने ६४ पट होतं, हा जलशास्त्रातला जुना नियम आहे. वरच्या टोकाला नुसती धूळ वाहून नेणारं पाणी खाली नारळाएवढे दगड का लोळवतं, ते यावरून कळतं. पाणी अंगात जोर यायच्या आत, थोडं थोडं करून, अनेक ठिकाणी वाटेबाहेर काढायचं. ओघळ भरायचा तो त्यानंतर.

पावसात जाणं शक्य नसेल तर पावसानंतर एक-दोन दिवसांत जा. बारीक गाळाच्या रेघा, एका दिशेला झोपलेलं गवत, दगडांमागे अडकलेला पालापाचोळा, यावरून पाण्याचा रस्ता वाचता येतो. पाणी वाटेवर जिथे शिरतं आणि जिथे सहज बाहेर जाऊ शकेल, त्या दोन्ही जागी खुणेच्या काड्या रोवा. कुदळ त्यानंतर उचला.

बाहेरच्या कडेचा वरंबा नजरेआड करणं

डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला हवा, साधारण ५ टक्के. म्हणजे मीटरभर रुंद वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा पाचेक सेंटीमीटर खाली. इतक्या कलाने चालणाऱ्याचा तोल जात नाही आणि वरून आलेलं पाणी पातळ पसरून वाट ओलांडून निघून जातं.

पण माणसं चालून चालून वाटेचा मध्य दाबतात, वरच्या बाजूची माती घसरून आत येते आणि बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा तयार होतो. वाटेचा पाट होतो तो असा. पुष्कळ जण या वरंब्याला हात लावत नाहीत, कारण त्याच्यावर गवत उगवलेलं असतं आणि तो वाटेला आधार देतोय असं वाटतं. काही जण तर हौसेने कडेला दगडांची ओळ लावतात. ती ओळ दिसते छान, पण पाण्याला कोंडते. वरंबा काढा, निघालेली चांगली माती वाटेच्या खचलेल्या मध्यावर टाका आणि कल परत आणा. कल बरोबर आला की नाही हे पाहायला बाटलीभर पाणी वाटेवर ओता. ते आडवं गेलं तर काम जमलं, वाटेने खाली निघालं तर अजून कापायला हवं.

वॉटर बारवर सगळी भिस्त ठेवणं

वॉटर बार म्हणजे वाटेवर तिरका पुरलेला दगडांचा किंवा ओंडक्याचा बांध. पाण्याला अडवून तो बाजूला काढतो. वाटेवर दुरुस्ती म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाच येतो, आणि तो बिघडतोही सगळ्यात जास्त.

बिघाड ठरलेले आहेत. बांध वाटेला काटकोनात टाकला की पाणी त्याच्यामागे थबकतं, गाळ खाली बसतो आणि एका हंगामात बांध बुजून पाणी वरून उड्या मारायला लागतं. वाटेच्या दिशेशी ४५ ते ६० अंशांचा तिरकेपणा ठेवला तर पाणी वाहतं राहतं आणि गाळही बरोबर नेतं. दुसरं, बांधाचं वरचं टोक डोंगराच्या बाजूला पुरेसं आत खोचलेलं नसतं. पाणी त्या टोकाला वळसा घालतं आणि तिथेच नवा ओघळ पाडतं. तिसरं, बांध फार उंच ठेवतात. दमलेला माणूस पाठीवर ओझं घेऊन उंच अडथळा ओलांडत नाही, तो बाजूने जातो. मग बांधाच्या टोकाशी पायवाट पडते आणि पाणी त्याच फटीतून घुसतं. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. नुसता मातीवर टेकवलेला दगड एका पावसाचा सोबती. ओंडका वापरायचाच असेल तर साल काढून वापरा, आणि तो कुजणार हे धरूनच चला. ओला ओंडका निसरडाही असतो.

माझं मत विचाराल तर जिथे जमीन परवानगी देते तिथे वॉटर बार टाकूच नये, वाटेला उलट चढ द्यावा. उतरणारी वाट मध्येच थोडी चढते आणि परत उतरायला लागते. पाण्याला चढता येत नाही, ते त्या खोलगट जागेतून बाहेर पडतं. नवी वाट आखताना हे सहज जमतं. जुन्या वाटेवर उथळ खळगा काढून निघालेली माती त्याच्या खालच्या अंगाला चार-पाच मीटर लांब, सौम्य चढासारखी बसवायची. चालणाऱ्याला कळतही नाही. हलक्या उतारावर एवढंही लागत नाही. वाटेची बाहेरची बाजू तीनेक मीटर लांबीत अर्धगोलाकार तासून मध्यभागी १५ टक्क्यांपर्यंत कल दिला की पाणी तिथून उतरतं. यात कुजायला, निखळायला काही नाही, आणि रुंद तोंड चटकन तुंबत नाही. वर्षभर कोणी फिरकणार नाही अशा टप्प्यावर मी आधी हाच विचार करतो. उतार फार तीव्र असेल किंवा खाली कातळ लागला, तरच दगडी बांध.

पाण्याला बाहेर काढून वाऱ्यावर सोडणं

बांध उत्तम, पण त्यापुढे पाणी जायला वाटच नाही, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी फावड्याच्या पात्यापेक्षा रुंद चर काढा, तो उतारावर इतका लांब न्या की पाणी परत वाटेकडे वळणार नाही, आणि त्याचं तोंड गवतावर, झुडपांत किंवा दगडांच्या पसाऱ्यावर सोडा. उघड्या मातीवर सोडलं तर तिथे नवी घळ सुरू होते. नागमोडी वाटेवर तर दहा वेळा विचार करा. वरच्या फेऱ्यातून काढलेलं पाणी खालच्या फेऱ्यावर पडत असेल, तर तुम्ही त्रास फक्त खाली सरकवलात. तिथे वळण यायच्या आधीच पाणी बाहेर काढावं लागतं.

हाताला लागेल ते भरणं

पालापाचोळा आणि काळी भुसभुशीत वरची माती उचलायला हलकी, म्हणून तीच आधी घमेल्यात येते. ती पाणी धरून ठेवते, कुजते आणि पायाखाली चिखल होते. भरावाला खालच्या थराची घट्ट, खनिज माती किंवा मुरूम हवा. वरची सुपीक माती बाजूला ठेवा, बंद करायच्या जुन्या वाटेवर पसरायला ती सोन्यासारखी. खडी वापरणार असाल तर कोनदार वापरा, कारण तिचे तुकडे एकमेकांत अडकून बसतात. नदीतले गोल गोटे पायाखाली घरंगळतात. माती थराथराने टाका आणि ओलसर असताना चोपा. अगदी कोरडी माती बसत नाही, आणि चिंब ओल्या मातीत काम केलं तर आपलेच पाय वाटेची वाट लावतात.

खोल घळीत बांध घालून मोकळं होणं

घळ इतकी खोल असेल की पाणी बाहेर काढायला जागाच नाही, तर अनगड दगडांचे छोटे आडवे बांध कामाला येतात. ते पाणी बाहेर काढत नाहीत, त्याचा वेग मोडून गाळ धरतात. त्यामुळे वर जिथे शक्य आहे तिथे पाणी आधी वळवलेलंच असावं. अंतराचा हिशेब सोपा आहे: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. दोन्ही टोकं घळीच्या भिंतींत खोचा आणि माथा मध्यभागी खोलगट ठेवा. मध्य उंच राहिला तर पाणी कडेने जातं आणि भिंती खाऊन घळ रुंद करतं. जिथे पाणी पडतं तिथे सपाट दगड अंथरा, नाहीतर बांध पायातूनच उखडतो.

चिखलात दगड टाकत राहणं

सपाट जागेवरचा चिखल हा वेगळाच आजार आहे. वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेलेली असते, पाणी काढायला उतारच नसतो. लोक दगड टाकतात, दगड रुततात, आणखी टाकतात. तोवर चालणारे कडेकडेने जाऊन एका वाटेच्या चार वाटा करतात. इथे वाट वर उचलावी लागते. दोन्ही कडांना मोठे दगड पक्के बसवायचे, तळाशी जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं कृत्रिम धाग्यांचं) कापड घालायचं म्हणजे चिखल वर येत नाही आणि भराव खाली जात नाही, त्यावर खडी आणि मुरूम. बाजूने चर. थोडीच जागा असेल तर मोठे सपाट दगड पावलांच्या अंतरावर, हलणार नाहीत असे खोल बसवले तरी भागतं.

दगडी पायऱ्यांबद्दल थोडक्यात: खालून वर बांधत जा, वरची पायरी खालचीच्या मागच्या भागावर टेकू द्या, दोन्ही बाजूंना ओबडधोबड दगड ठेवा म्हणजे कोणी कडेने उतरणार नाही, आणि पायऱ्यांच्या वर पाणी आधी बाहेर काढा. पाणी पायऱ्यांवरून उतरायला लागलं की त्या धबधब्याच्या होतात.

आखणीच चुकलेली वाट दुरुस्त करत बसणं

उताराच्या थेट नाकासमोर चढणारी वाट कितीही बांध घातले तरी सुधारत नाही, कारण पाणी ज्या दिशेला जातं तीच वाटेची दिशा असते. आखणीचा सर्वमान्य दंडक असा की वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. डोंगर ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत, आणि सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास. याच्या पलीकडे असेल तर नवी वाट आडव्या उतारावरून फिरवून आणणंच शहाणपणाचं. अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल ही लांब पल्ल्याची पायवाट १९३७ साली सलग पूर्ण झाली, पण तिचे कितीतरी टप्पे त्यानंतर हलवले गेले आहेत. वाट हलवणं यात कमीपणा नाही. मात्र जमीन ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांच्या लेखी परवानगीशिवाय नवी वाट पाडू नका, आणि जुनी नीट बंद करा: तोंडाशी नजरेच्या टप्प्यापर्यंत फांद्या आणि दगड टाका, माती मोकळी करून स्थानिक गवत लावा, आणि पाणी आधी वळवा. बंद केलेल्या वाटेवरूनही पाणी धावतच राहतं.

खुणा कशा वाचायच्या

चरातून बाहेर पडलेल्या पाण्याने खाली घळ पाडली असेल, तर त्या एका तोंडावर फार भार आलाय. तो चर मोठा करू नका, त्याच्या वर आणखी एक-दोन ठिकाणी पाणी काढा. बांधामागे गाळ काठोकाठ भरला असेल, तर नुसता उपसून थांबू नका. कोन आणि उतार तपासा, नाहीतर पुढच्या वर्षी तेच. झाडांची मुळं उघडी पडली असतील, तर मुळं तोडू नका. तिथली माती गेलीय, ती का गेली ते वर जाऊन शोधा. थंडीत गोठून वितळणाऱ्या जमिनीत दगड वर उचलले गेलेले दिसतील. खालची ओल कमी केल्याशिवाय ते पुन्हा बसवून उपयोग नाही. आणि वाट रुंद झाली असेल तर मध्यभागी एकदा शांतपणे चालून पाहा, कारण लोक कशामुळे बाजूला जातात ते पायांना लगेच कळतं.

दुरुस्तीच्या गटात नसलात तरी वाटेवरून जाताना चराच्या तोंडाशी अडकलेली पानं आणि काटक्या बुटाने बाजूला करता येतात. चर स्वतःहून खणू नका, नवीन दगड ठेवू नका. जे मोठं बिघडलेलं दिसेल त्याचा वरून आणि खालून असे दोन फोटो घ्या, जवळच्या टप्प्याच्या खुणेचा क्रमांक लिहून ठेवा आणि वाटेची देखभाल करणाऱ्यांना पाठवा. वरून घेतलेला फोटो विसरू नका, पाणी कुठून आलं ते त्यातच दिसतं.