मुलांच्या गटासाठी कृत्रिम भिंतीवरचे सुरक्षित आरोहण कसे आयोजित करावे

कृत्रिम भिंतीवर सगळ्यांचे डोळे चढणाऱ्या मुलावर खिळलेले असतात, परंतु आयोजकाने आधी पाहावे ते खाली दोर सांभाळणाऱ्या बिलेअरकडे. टॉप रोप पद्धतीत, म्हणजे दोर भिंतीच्या माथ्यावरून खाली बिलेअरकडे येतो तेव्हा, हात सुटलेल्या मुलाला दोर सहज पेलतो. अर्धवट बांधलेली गाठ किंवा ब्रेकच्या दोरावरून (बिलेअर धरून ठेवतो त्या, दोर रोखणाऱ्या बाजूवरून) ढळलेला हात यांतूनच गंभीर अपघात होतात.

मुलांना नेण्यापूर्वी भिंत एकदा स्वतः पाहून यावी. दोर किती जुने आहेत, साहित्याच्या तपासणीची नोंद ठेवली जाते का आणि बिले (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणे) कोण देणार, हे तेथे स्पष्ट विचारावे. दोराची लांबी भिंतीच्या उंचीच्या दुपटीहून अधिक हवी, म्हणजे 12 मीटरच्या भिंतीला 30 मीटरचा दोर पुरतो. मुलांची संख्या दोरांवरून ठरवावी: तीन दोर असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटे लागत असतील, तर बारा मुलांची एक फेरी वीस मिनिटांत होते. त्याहून मोठ्या गटात रांगेत कंटाळलेली मुले दोरांखाली घोटाळू लागतात. पालकांचे संमतिपत्र घेताना दमा, फिट, जुने फ्रॅक्चर आणि अलीकडची शस्त्रक्रिया यांची चौकशी करावी. जवळचे रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

भिंतीपाशी पोहोचल्यावर अंगठ्या, कडी, गळ्यातल्या साखळ्या उतरवायला लावाव्यात, लांब केस बांधावेत, ओढणी बाजूला ठेवावी. हार्नेसचा (दोर ज्याला बांधतात त्या कमर-मांड्यांच्या पट्ट्यांचा) पट्टा कमरेच्या हाडांच्या वर घट्ट बसवावा. ज्या लहान मुलांची कमर अजून भरलेली नाही, त्यांना पूर्ण अंगाचे हार्नेसच द्यावे, कारण उलटे झाल्यास साध्या हार्नेसमधून ती निसटू शकतात.

यानंतरची पायरी घाईत उरकू नये. मूल दोराला आठाच्या गाठीने बांधले गेले की गाठीतले दोराचे पदर जोडीने, एकमेकांना समांतर जातात का, हे बोट फिरवून पाहावे. सुटे टोक निदान वीतभर उरलेले असावे. बकल, बिले उपकरणातून (बिलेअरच्या हार्नेसला लावलेल्या, दोर रोखणाऱ्या साधनातून) गेलेला दोर आणि कॅराबिनरचे (अडकवायच्या धातूच्या कडीचे) बंद कुलूप हे सर्व चढणारा व बिलेअर यांनी एकमेकांचे तपासावे, आणि प्रशिक्षकाने तिसऱ्यांदा हात लावून पाहावे. विसाव्या मुलाच्या वेळीही ही तपासणी तितकीच पूर्ण व्हावी. नजरचूक होते ती सहसा अशाच वेळी, सगळे सुरळीत चालले असताना.

बिले अनुभवी मोठ्या व्यक्तीनेच द्यावे. शिकणाऱ्या मुलाला बिलेअर करायचे असल्यास मागे दोराचे सुटे टोक धरून प्रशिक्षकाने उभे राहावे, आणि चढणारा बिलेअरपेक्षा बराच जड नसावा. स्वयंचलित बिले यंत्र (माणसाऐवजी चढणाऱ्याला सांभाळणारे यंत्र) असलेल्या भिंतीवर कॅराबिनर अडकवायचेच विसरून चढायला लागण्याचा धोका असतो, म्हणून अशा प्रत्येक यंत्रापाशी एक माणूस नेमावा.

दोराविना होणाऱ्या बोल्डरिंगमध्ये खाली जाड गाद्या असल्या तरी पडताना हात मागे टेकवल्याने मनगट किंवा कोपर मोडू शकते. गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उतरायला आधी बुटक्या उंचीवरून शिकवावे, आणि चढणाऱ्याच्या खाली कोणालाही उभे राहू देऊ नये.

मध्यावर पोहोचून एखादी मुलगी घाबरली, तर खालून आरडाओरडा करून तिला वर ढकलू नये. दोर ताणून धरावा, तिला हार्नेसमध्ये बसायला व पाय भिंतीला टेकवायला सांगावे आणि हळूहळू खाली घ्यावे. पुन्हा रांगेत उभे राहायचे की नाही, हे तिने ठरवावे.