कुटुंबासाठी ‘शेन’चं परीक्षण लिहिण्यापूर्वी

आधी प्रत नीट बघून घ्या. जॉर्ज स्टीव्हन्स यांचा १९५३चा हा वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिम भागात घडणारा बंदूकबाजांचा चित्रपट) जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी चित्रित झाला होता, पण प्रदर्शनाच्या वेळी वरून-खालून कापून रुंद दाखवला गेला. वायोमिंगचे टेटन पर्वत आणि त्यांच्यापुढे चिमुकली दिसणारी माणसं हा तर याचा प्राण. ऑस्कर मिळालं तेही छायाचित्रणालाच. म्हणून मूळ चौकटीतली प्रत मिळवा. लांबी ११८ मिनिटं, तेव्हा लहानांसाठी मध्यंतर कुठे घेता येईल तेही टिपून ठेवा.

एकदा स्वतःसाठी पाहा आणि दुसऱ्यांदा शेतकरी कुटुंबातल्या छोट्या जोईवर नजर ठेवून. सलूनमध्ये मारामारी जुंपलेली असताना तो दाराखालून टक लावून बघतो आणि पेपरमिंटची कांडी कडाकडा चावतो. घरातली मुलंही अशीच रंगून जातील, हे परीक्षणात सांगायलाच हवं.

मग टॉरी या शेतकऱ्याच्या मृत्यूचा प्रसंग आवाज मोठा ठेवून पाहा. रक्त दिसत नाही, म्हणून फसू नका. गोळीचा आवाज कानठळ्या बसवतो आणि टॉरी मागे चिखलात फेकला जातो. त्यासाठी नटाला तारेने मागे खेचलं होतं. दुसऱ्या महायुद्धात डाखाऊच्या छळछावणीचं चित्रण केलेल्या स्टीव्हन्सना गोळी लागणं म्हणजे काय ते दाखवायचं होतं. पुढे दफनाच्या वेळी टॉरीचा कुत्रा शवपेटीला पंजा लावतो. माझ्या मते मुलं बंदुकीपेक्षा इथेच जास्त हलतात. दहा वर्षांपुढच्यांना, शेजारी मोठं माणूस असेल तर, अवश्य दाखवावा. ही वयाची शिफारस परीक्षणाच्या सुरुवातीलाच द्या.

थोडा इतिहासही वाचून ठेवा. अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन मिळे, त्यातून गुरांच्या मालकांशी तंटे पेटले. चित्रपटातला गुरांचा मालक रायकर याची बाजू ऐकताना त्याच्या खांद्यात घुसलेल्या शायान या आदिवासी जमातीच्या बाणाचा उल्लेख येतो. जमिनीचे मूळ रहिवासी फक्त असे, शत्रू म्हणूनच येतात. हे पालकांच्या लक्षात आणून द्या.

जोईची आई मॅरियन आणि त्यांच्याकडे आलेला अनोळखी बंदूकबाज शेन यांच्यातली ओढ न बोलता कळते, लहानांच्या ती ध्यानातही येणार नाही. पण बंदूक हे नुसतं अवजार, वापरणारा जसा तशी ती, असं शेन सांगतो आणि या खोऱ्यात एकही बंदूक नसती तर बरं, असं मॅरियन म्हणते, तो संवाद शब्दशः उतरवून घ्या. चित्रपट संपल्यावर मुलांशी बोलायला तो उपयोगी पडेल. शेवट मात्र फोडू नका.