स्वतःचा चॅट सर्व्हर : सुरू करणे वेगळे, चालवणे वेगळे

मॅट्रिक्स या खुल्या प्रोटोकॉलवर चालणारा सिनॅप्स हा चॅट सर्व्हर मी आमच्या एका लहान गटासाठी सांभाळतो. या कामात नव्याने उतरणाऱ्यांचे सारे लक्ष इन्स्टॉलेशनवर असते. वास्तविक ते एका दुपारचे काम आहे. खरा कस लागतो तो आपण मशीनसमोर नसतानाही सर्व्हर सुरू राहावा यासाठी.

सर्वांत आधी नाव ठरवावे. कॉन्फिगरेशनमध्ये दिलेले सर्व्हरचे नाव प्रत्येक सदस्याच्या आयडीचा भाग बनते आणि पुढे बदलता येत नाही. म्हणून तेथे सबडोमेन न देता मूळ डोमेन द्यावे आणि सर्व्हर प्रत्यक्षात कोठे आहे हे त्या डोमेनवर ठरलेल्या पत्त्यावर ठेवलेल्या ‘वेल-नोन’ फाइलमधून इतर सर्व्हरना आणि अ‍ॅपना कळवावे, म्हणजे उद्या होस्टिंग बदलले तरी कोणाचा आयडी बदलत नाही. डेटाबेस पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेसच घ्यावा. एसक्यूलाइट चाचणीपुरताच ठीक आहे.

टर्मिनलमधून हाताने सुरू केलेला सर्व्हर मशीन रीबूट झाले की बंदच राहतो. डेबियन लिनक्सच्या पॅकेजसोबत सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) युनिट फाइल, म्हणजे सेवा कशी चालवायची हे सांगणारी फाइल, तयार येते, पण पिपने (पायथनचे पॅकेज बसवणारे साधन) इन्स्टॉल केल्यास ती स्वतः लिहावी लागते. तीत ‘यूजर’च्या ओळीत रूटऐवजी (सर्वाधिकार असलेले खाते) या कामासाठीच काढलेले खाते, ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये सिनॅप्स ज्यात इन्स्टॉल केला त्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधील (पायथनचे स्वतंत्र फोल्डर) पायथनचा पूर्ण पाथ आणि ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑन-फेल्युअर’ असावे. ‘स्टार्ट’ने सेवा त्या वेळेपुरती सुरू होते, बूटनंतर आपोआप सुरू होण्यासाठी ‘एनेबल’ही करावे लागते. एवढे झाल्यावर मशीन मुद्दाम रीबूट करावे आणि जर्नलसीटीएल या कमांडने सेवेचा लॉग वाचावा. पोस्टग्रेस तयार होण्याआधीच सिनॅप्स उठत असेल, तर ते तेथे लगेच दिसते आणि युनिट फाइलमध्ये ‘आफ्टर’ची, म्हणजे कोणानंतर सुरू व्हायचे ते सांगणारी, एक ओळ वाढवून सुधारता येते.

सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीसाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटचे नूतनीकरण सर्टबॉट हे साधन आपोआप करतो खरा, पण सिनॅप्सच्या पुढे बसवलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनेच सर्टिफिकेट देत राहतो; तेव्हा नूतनीकरणानंतर आपोआप चालणारा रीलोडचा हुक लावून ठेवावा.

बॅकअप म्हणजे केवळ डेटाबेसचा डंप नव्हे. मीडियाचे फोल्डर, कॉन्फिगरेशन आणि विशेषतः साइनिंग की (सर्व्हरची स्वाक्षरीची किल्ली) हवीच, कारण इतर सर्व्हर आपल्याला तिच्यावरूनच ओळखतात. एवढे सगळे जपले तरी एन्क्रिप्टेड संभाषण उघडणाऱ्या किल्ल्या सदस्यांच्या उपकरणांवर असतात. त्यामुळे त्या किल्ल्या परत मिळवण्यासाठी लागणारी रिकव्हरी की जपून ठेवण्याची सूचना प्रत्येकाला खाते देतानाच द्यावी, फोन हरवल्यावर नव्हे.